स्टील गिटार ते संबळ : वादकाच्या आठवणी कागदावर येतात कशा?

बेंबळी (ता. धाराशिव) : ज्यांचं लहानपण रेडिओवर गेलं त्यांना हे आठवत असेल. दोन कार्यक्रमांच्या मधी मिनिट-दोन मिनिटं उरली की आकाशवाणीवर सिनेमाच्या एखाद्या गाण्याची नुसती चाल लागायची. शब्द नसायचे, तरी माणूसच गातोय असं वाटायचं. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारून जायचा नाही, घसरत जायचा. आमच्याकडं बरेच जण त्याला बेंजोच समजायचे. पण तो बेंजो नव्हता. ती होती स्टील गिटार, तिलाच हवाईयन गिटार म्हणतात.

कोलकात्याचे सुनील गांगुली यांनी हिंदी गाण्यांच्या चाली या गिटारवर वाजवून घराघरांत नेल्या. मूळचे लखनौचे व्हॅन शिप्ली मुंबईत येऊन व्हायोलिन आणि इलेक्ट्रिक गिटार दोन्ही वाजवायचे. त्यांच्या आणि पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्या जोडीच्या तबकड्या निघाल्या होत्या. आपण ते सगळं ऐकलं, पण वाजवणाऱ्याचं नाव आपल्याला कधी कळलं नाही. गायकाचं नाव सांगायचे, संगीतकाराचं सांगायचे, कधी कधी फर्माईश करणाऱ्या झुमरीतलय्यावाल्याचंही सांगायचे. वादकाचं नाव मात्र राहून जायचं.

गेल्या काही वर्षांत जगभरच्या स्टील गिटारच्या चाहत्यांनी एक गोष्ट लावून धरली आहे. वाद्याच्या म्हाताऱ्या उस्तादांना गाठायचं आणि म्हणायचं, तुमच्या आठवणी लिहा, नाहीतर सांगा, आम्ही लिहून घेतो. हे का करावं लागतं, कुठं जमलं, मराठीत कुणी केलं आणि आपल्या भागातल्या संबळ, हलगी, सनई, बेंजो वाजवणाऱ्यांसाठी ते कसं करता येईल, याची ही माहिती.

वाद्य कसं असतं

साधी गिटार छातीशी धरून वाजवतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबतात. स्टील गिटार मांडीवर नाहीतर स्टँडवर आडवी ठेवतात. तारा दाबत नाहीत. डाव्या हातात गुळगुळीत लोखंडाचा तुकडा धरून तो तारांवरून फिरवतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात. स्टील हे नाव त्या लोखंडाच्या तुकड्यावरून पडलं, गिटार काही लोखंडाची नसते.

लोखंड तारेवरून सरकतं म्हणून मींड येते. आपल्या गाण्यात मींडीला फार मान आहे, त्यामुळं हे परदेशी वाद्य आपल्याकडं लवकर रुळलं. आपल्या विचित्रवीणेतही काचेचा गोळा तारांवरून फिरवतात. मूळचे जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडं शिकून या गिटारवर राग वाजवले. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये बदल करून मोहनवीणा तयार केली आणि अमेरिकेच्या राय कूडर यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला. कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य यांनीही स्वतःच्या गिटारी बनवल्या. म्हणजे वाद्य परदेशातून आलं आणि इथं येऊन आपलं झालं, जशी पेटी झाली.

शोध कुणाचा? तीन नावं आणि न मिटलेला वाद

पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर हे वाद्य जन्मलं. जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी पोरगा १८८९ च्या सुमारास रेल्वेच्या रुळाकडनं चालला होता. त्यानं पडलेला एक बोल्ट उचलला, तो गिटारच्या तारांना लागला आणि नवाच आवाज निघाला. मग त्यानं शाळेच्या वर्कशॉपात लोखंडाचा तुकडा घासून तयार केला. ही गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जाते. केकुकूचा जन्म १८७४ चा, ओआहू बेटावरच्या लाये गावचा. १९०४ मध्ये तो अमेरिकेत वाजवायला गेला आणि १९३२ मध्ये तिकडंच वारला. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथून हवाईच्या संगीताची लाट अमेरिकेत पसरली.

पण याच शोधासाठी जेम्स होआ हे दुसरं नाव घेतलं जातं. आणि तिसरं नाव आहे गॅब्रिएल डेव्हियन. हा माणूस भारतात जन्मलेला होता आणि एका जहाजाच्या कप्तानानं त्याला पळवून हवाईत नेलं, अशी नोंद एका जुन्या पत्रात आहे. तो गिटारच्या तारेवर वस्तू सरकवून वाजवायचा म्हणतात. हे खरं असेल तर या वाद्याची एक मुळी आपल्याच देशातून गेलेली आहे.

तिघांपैकी पहिला कोण, हे आता ठरवायचं कसं? ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते गेले, आणि ते होते तोवर त्यांना बसवून विचारणारा भेटला नाही. डेव्हियनबद्दलचं ते पत्र १९३८ चं आहे, घटनेनंतर पन्नास वर्षांनी लिहिलेलं. पन्नास वर्षांनी शेताच्या बांधाचा वाद मिटत नाही, मग वाद्याच्या शोधाचा कसा मिटणार? बांधाला निदान मोजणीचा नकाशा असतो.

एक चाहता आणि तौ मोए

चाहत्यानं मनावर घेतलं तर काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे तौ मोए. जन्म १९०८, सामोआ बेटांवरचा. वाढले केकुकूच्याच लाये गावात. तरुणपणी, १९२८ च्या सुमारास, ते बायको रोजसह एका फिरत्या हवाईयन मंडळीतून बाहेर पडले आणि पुढची पन्नासेक वर्षं आशिया, युरोप असे देश फिरत राहिले. पोरंबाळंही त्या फिरतीतच मोठी झाली आणि मंडळीत वाजवू-गाऊ लागली. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखंच ते बिऱ्हाड. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब कोलकात्यात होतं. कोलकात्यात हवाईयन गिटारचं वेड रुजलं त्यात तौ मोए यांचा वाटा मोठा. तिथले गार्नी निस आणि त्यांचे अलोहा बॉईज हे त्याच काळातलं गाजलेलं पथक.

म्हातारपणी हे जोडपं गावी परतलं. जगाला त्यांची आठवण राहिली नव्हती. अमेरिकेत बॉब ब्रॉझमन नावाचा एक गिटारवादक जुन्या हवाईयन तबकड्यांचा शौकीन होता. १९२९ मधल्या काही तबकड्या त्याच्या फार आवडीच्या होत्या. एक दिवस त्याच्याकडं त्याची तबकडी मागवणारं पत्र आलं, हवाईतून. सही तौ मोए. ब्रॉझमनला कळेना, ज्यांच्या साठ वर्षांपूर्वीच्या तबकड्या आपण जपून ठेवल्यात तोच हा माणूस? तो लाये गावी गेला. तोच माणूस निघाला, आणि तबकडीवर गाणारी रोजही सोबत होती.

ब्रॉझमननं त्यांचा सत्कार करून फोटो काढून परत येणं पसंत केलं नाही. त्यानं त्यांच्याकडून जुनी गाणी पुन्हा वाजवून-गाऊन घेतली, आठवणी काढून घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘रिमेंबरिंग द साँग्ज ऑफ अवर यूथ’ नावानं ते ध्वनिमुद्रण बाहेर आलं. आमच्या तरुणपणीच्या गाण्यांची आठवण, असा त्याचा अर्थ. तौ मोए २००४ मध्ये वारले. एका चाहत्यानं पत्रावरची सही वाचून विषय सोडून दिला असता तर हे काहीच उरलं नसतं.

जेरी बर्ड यांचं पुस्तक

दुसरं उदाहरण स्वतः पुस्तक लिहिणाऱ्याचं. अमेरिकेच्या ओहायो राज्यातले जेरी बर्ड, जन्म १९२०. स्टील गिटारवाल्यांत या नावाला गुरुस्थानी मानतात. हँक विल्यम्स या गाजलेल्या गायकाच्या १९४८-४९ च्या गाण्यांत जी गिटार रडल्यासारखी वाजते ती यांची. पुढं अमेरिकेत पायाच्या पट्ट्यांनी सूर बदलणारी पेडल स्टील गिटार आली. सगळे तिकडं वळले. बर्ड वळले नाहीत. त्यांचं म्हणणं, हात शिकलेला असला की पाय कशाला पाहिजे. काम कमी झालं तेव्हा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हवाई गाठलं.

तिथं उलटंच चित्र होतं. ज्या मातीत वाद्य जन्मलं तिथल्या पोरांनी ते सोडून दिलं होतं. या बाहेरच्या माणसानं तिथल्या पोरांना त्यांचंच वाद्य शिकवलं. आज हवाईत अॅलन अकाका यांच्यासारखे जे वादक आणि शिक्षक आहेत ते बर्ड यांच्या हाताखाली तयार झाले. १९७८ मध्ये स्टील गिटारवाल्यांनी आपला मानाचा वर्ग सुरू केला तेव्हा पहिला मान बर्ड यांना दिला.

त्यांचं आत्मचरित्र ‘इट वॉज अ ट्रिप : ऑन विंग्ज ऑफ म्युझिक’ २००३ मध्ये आलं. तेव्हा वय ८३. एप्रिल २००५ मध्ये ते वारले. मधी फक्त दोन वर्षं. लोकांना शिकवायची पुस्तकं, स्वरलिपी, ध्वनिमुद्रणं हे सगळं त्यांच्याकडून आधीच मिळालं होतं. पण कोणत्या रात्री कुणासोबत वाजवलं, पैसे किती मिळाले, कुणी बुडवले, पेडल का नाकारलं, घर का सोडलं, हे त्यांनाच सांगता येणार होतं. ते सांगून झालं आणि मग ते गेले. सगळ्यांच्या बाबतीत असं जुळत नाही.

मराठीत कुणी सांगितलं, कुणी लिहून घेतलं

मराठीत वादकानं लिहिलेल्या आठवणी म्हटलं की पहिलं नाव गोविंदराव टेंबे यांचं. कोल्हापूरचे, जन्म १८८१, पेटीवर असामान्य हात. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्राचं काम करणारेही तेच. त्यांनी १९३९ मध्ये ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिलं आणि १९४८ मध्ये ‘माझा जीवनविहार’. भास्करबुवा बखले, अल्लादियाखाँ अशा मोठ्या गवयांची बैठक कशी असायची, ते आज आपल्याला कळतं त्यात या पेटीवाल्याच्या लेखणीचा मोठा हात आहे. साथीला बसणाऱ्याला पुढं बसणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं. गवयाचा डोळा मिटलेला असतो, साथीदाराला डोळा उघडा ठेवावाच लागतो.

पण टेंबे लिहिणारे होते, म्हणून जमलं. जो लिहिणारा नाही त्याचं काय? खाँसाहेब अल्लादियाखाँ १९४६ मध्ये वारले. त्याआधी अखेरच्या वर्षांत त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितली. आजोबा सांगायचे, नातू उर्दूत लिहून घ्यायचा. ती वही घरानं जपली आणि २००० मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर पुस्तक म्हणून आलं. सांगणं आणि छापणं यात पन्नासहून अधिक वर्षं गेली, तरी काही बिघडलं नाही, कारण वही होती. छापायला उशीर झाला तर चालतो. सांगून घ्यायला उशीर झाला की संपलं.

हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ सगळ्यांना ठाऊक आहे. बाई बोलल्या आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं. आधी ‘माणूस’मध्ये आलं, १९७० मध्ये पुस्तक झालं आणि पुढच्याच वर्षी बाई गेल्या. त्यावरून १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ सिनेमा निघाला. या पुस्तकाची ताकद अशी की बाईंनी स्वतःला झाकलं नाही, दारूही सांगितली आणि फसवणूकही सांगितली. साधूंनी ते गुळगुळीत केलं नाही, बोलीचा ठसा राहू दिला. लिहून घेणाऱ्यानं ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

शाहीर साबळे यांनी ‘माझा पवाडा’ लिहिलं. संतूरवादक शिवकुमार शर्मा यांच्या आठवणींचं पुस्तक २००२ मध्ये इना पुरी यांच्या मदतीनं झालं. सुधीर फडके यांचं ‘जगाच्या पाठीवर’ मात्र अपुरं राहिलं. २००२ मध्ये बाबूजी गेले आणि लिहून झालेला भाग त्यांच्या मागं छापला गेला. वाचताना पान संपतं तिथं माणूस चुटपुटतो, कारण पुढचं सांगायला आता कुणी नाही. आणि आपल्या शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख १९६९ मध्ये इंदापूरजवळ अपघातात गेले तेव्हा त्यांची साठीही झाली नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्या आवाजानं लाखोंच्या सभा बांधून ठेवल्या होत्या. म्हातारपणी निवांत सांगू, हे प्रत्येकाच्या नशिबात नसतं.

सिनेमाच्या वादकांचं तर विचारू नका. मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन, गिटार, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या शेकडो माणसांच्या आठवणी गोळा करायला न्यूझीलंडहून ग्रेगरी बूथ नावाचे प्राध्यापक यावे लागले. त्यांनी वादकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक काढलं. पडद्यामागं, असं नाव. ‘अमर अकबर अँथनी’ मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव आपण लहानपणापासून ऐकतोय. तो खराखुरा माणूस होता. गोव्याच्या माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात घातलं. गाणं पोराटोरांच्या तोंडी, आणि गुरू कितीतरी वर्षं गावी शांत बसून. पुढं समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला म्हणून काही नोंद राहिली.

आपल्या भागात काय करता येईल

तुळजापूर आपल्या उशाशी. देवीच्या दारात संबळ वाजते, आराधी गातात, गोंधळ्याचं तुणतुणं असतं. तेरला गोरोबाकाकांच्या यात्रेत टाळ-पखवाज. बेंबळीपासून रुईभर, कनगरा, पाडोळी, समुद्रवाणी असं कुठंही गेलात तरी भजनी मंडळ आहे, हलगी आहे, लग्नाला बेंजो पार्टी आहे. यातल्या म्हाताऱ्या वादकांचा आपण काय करतो? जयंती नाहीतर सप्त्यात शाल, नारळ, फेटा देतो, फोटो ग्रुपवर टाकतो आणि ‘दोन शब्द बोला’ म्हणतो. ते बिचारे माईकपुढं अडखळतात आणि खाली बसतात. सत्कार वाईट नाही. पण त्यातून हाताला काही लागत नाही.

थेट ‘तुमचं चरित्र सांगा’ म्हटलं की वादक अंग चोरतो. आमच्या शिवारातल्या एका हलगीवाल्या आबांना मी असंच म्हणालो होतो. ते म्हणाले, “माज्यात काय हाय लिवण्यासारकं? वाजिवलं, खाल्लं, झालं.” मग मी विचारलं, “आबा, हलगीचं चामडं कुठून आणायचा?” त्यावर ते तासभर बोलले. कातडं कोणतं चांगलं, ते कसं कमवायचे, कड्यावर कसं ताणायचे, पावसाळ्यात हलगी ढप बोलायला लागली की चुलीपाशी नाहीतर पाचटाच्या जाळावर किती शेकायची. आता प्लास्टिकचं पान आलंय, शेकायची गरज नाही, पण आवाज ‘पत्र्यावानी’ झालाय असं त्यांचं मत. त्या बोलण्यातूनच पुढं मिरवणुका निघाल्या, दुष्काळाचं साल निघालं, पायी गेलेली गावं निघाली, कुणाच्या दारात बाहेर बसून जेवावं लागलं तेही निघालं. वाद्याला हात घातला की माणूस आपोआप बोलतो.

म्हणून आधी वाद्य बाहेर काढायला सांगा. खुंटीवर असेल तर खाली घ्या, धूळ झटका, वाजवू द्या. जमलं तर त्यांचा जुना जोडीदार बोलावून घ्या. दोघं एकमेकांची चूक काढत बोलतात आणि त्यातच खरं बाहेर पडतं. विचारायचं ते बारीकसारीक विचारा. पहिलं वाद्य कितीला घेतलं, पैसे कुठून आणले? शिकवलं कुणी, मारलं का? सुपारी कोण ठरवायचं, इसार किती मिळायचा, वाटणी कशी व्हायची? कोणत्या गावात पैसे बुडाले? लग्नात कोणत्या विधीला काय वाजवायचं? डीजे आल्यावर पहिल्या साली किती सुपाऱ्या गेल्या? बायकांना विसरू नका. वादक फिरतीवर असताना घर आणि रान त्यांनीच सांभाळलेलं असतं, आणि तारखा त्यांनाच पाठ असतात. साल आठवत नसेल तर खुणेनं विचारा. ७२ च्या दुष्काळाआधी का नंतर? किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी पोरगा केवढा होता?

मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यातला आवाज रेकॉर्ड करायचा अॅप पुरेसा आहे. तरी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधीच कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ पण कापडावर ठेवा. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास बास, म्हातारी माणसं थकतात. आणि चार बैठका झाल्या की मगच ती मोकळी होतात, पहिल्या दिवशी सगळं मिळत नाही. फाईलला लगेच नाव आणि तारीख द्या. तिची एक प्रत दुसऱ्या फोनवर आणि एक पेन ड्राइव्हवर ठेवा. फोन हरवतो, पाण्यात पडतो, पोरं गेमसाठी जागा करायला सगळं पुसून टाकतात.

लिहून काढणं हे खरं काम. मोबाईलवर बोलून मराठी टाईप होतं, पण आपली मराठवाडी बोली त्याला नीट कळत नाही, ‘हाय’चं भलतंच काही होतं. माझा हिशोब असा आहे की अर्ध्या तासाचं बोलणं लिहायला दोन-तीन तास जातात. कॉलेजात जाणारी पोरं-पोरी हे करू शकतात. बोली सुधारायला जाऊ नका. ‘वाजिवलं’ म्हणाले तर ‘वाजिवलं’च लिहा.

आणि परवानगी. सांगितलेलं सगळंच ग्रुपवर टाकायचं नसतं. कुणाशी भांडण, कुणाचं व्यसन, घरातली गोष्ट निघाली तर लिहिल्यावर वादकाला वाचून दाखवा, नको म्हणाले तो भाग बाजूला ठेवा. हंसाबाईंनी स्वतःचं सांगितलं, तो त्यांचा अधिकार होता. दुसऱ्याचं उघडं करायचा अधिकार आपल्याला नाही.

याचा मानधनाशीही संबंध आहे

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना ती लागू होते, उत्पन्नाची अट आहे, आणि २०२४ पासून मानधन महिना ५,००० रुपये केलेलं आहे. पण अर्ज करताना इतकी वर्षं कला सादर केली याचे पुरावे मागतात आणि तिथंच आपले वादक अडकतात. आयुष्यभर वाजवलं, पण कागद एक नाही. मिरवणुकीत वाजवल्याचं प्रमाणपत्र कोण देतं?

आठवणी लिहून घ्यायला बसलं की हेच कागद पेटीतून, पत्र्याच्या ट्रंकेतून बाहेर येतात. जुनी हँडबिलं, यात्रेच्या पत्रिका, लग्नपत्रिकेत छापलेलं पार्टीचं नाव, सप्त्याचे फोटो, आकाशवाणीचं एखादं करारपत्र, इसार लिहिलेली वही. प्रत्येकाचा फोटो काढा, मागं साल आणि गाव लिहा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. अर्ज कसा करायचा, कोणती कागदपत्रं लागतात ते पंचायत समितीत विचारून घ्यावं, कारण नियम बदलत राहतात. कुणी मधला माणूस पैसे मागत असेल तर देऊ नका.

लिहून झालं की छापायची घाई नको. दोन टाईप केलेल्या प्रती काढून एक वादकाच्या घरी आणि एक गावच्या वाचनालयात ठेवली तरी काम झालं. दिवाळी अंकांना एखादं प्रकरण पाठवता येतं. आमच्या पोर्टलकडं पाठवलंत तर वादकाची परवानगी बघून आम्हीही छापू.

वेळ म्हणाल तर लग्नसराईत वादक सापडत नाहीत आणि नवरात्रात तुळजापूरची धावपळ असते. आषाढात लग्नं थांबतात, पेरण्या उरकलेल्या असतात, पावसानं माणूस घरात असतो. तेव्हा जा, चहा-साखर सोबत न्या, आणि पहिला प्रश्न चामड्याचा नाहीतर तारेचा विचारा.